कॅमेऱ्याच्या शेजारी

मी डोळे तपासते. चष्म्याच्या दुकानामागची अरुंद खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर दिवसभर कोणा ना कोणाचे डोळे. माणूस नेमका कुठे बघतोय, हे मला कोणी सांगावं लागत नाही. म्हणूनच माझ्या धाकट्या बहिणीच्या, छबीच्या, चित्रणातली ती गोष्ट सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली.

लहानपणी मामानं तिला आपला जुना व्हिडिओ कॅमेरा दिला आणि घरादाराची झोप उडाली. शाळेतून आली की दप्तर फेकून शूटिंग. आई राणी, बाबा दरोडेखोर आणि मी कायमची मेलेली. "ताई, प्रेतं खाजवत नाहीत!" असं ती माझ्यावर खेकसायची. सुट्टीच्या दिवशी टीव्हीसमोर बसून आम्ही आपापले पराक्रम बघायचो. कॅमेऱ्याकडे बघून बोला, असं ती शंभरदा बजावायची, तरी प्रत्येक जण कॅमेऱ्याच्या जरा शेजारी बघत असायचा. तेही खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

"कुणाकडे बघताय सगळे?" मी एकदा विचारलं.

"छबीकडेच की," आई म्हणाली.

छबी तर कॅमेऱ्याच्या मागे, स्टुलावर उभी असायची.

पुढे तिनं फिल्म स्कूलचं नाव काढलं तेव्हा बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "हौस वेगळी आणि पोटापाण्याचा धंदा वेगळा," एवढं मात्र मला ऐकवून झालं. ती गेलीच. तिथे एका मोठ्या लाँड्रीतल्या बायकांवर तिनं छोटा माहितीपट केला. वाफेनं ओलसर भिंती, चादरींचे ढीग, इस्त्री बाजूला ठेवून बोलायला लागलेल्या बायका. बोलता बोलता त्यांची नजर शेजारी वळायची आणि चेहरे निवळायचे. नजर आता कमरेच्या उंचीवर होती.

"माणसांना असं बोलतं करायला कुठे शिकलीस?" तिच्या सरांनी विचारलं. माहितीपटाला पारितोषिक मिळालं. मागोमाग कामं येऊ लागली.

एकदा घरी आली तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुलाही दिसतं ना ते?"

मी म्हटलं, एखादी खिडकी असेल, दिवा असेल, कशानं तरी लक्ष जात असणार. खात्री करायला मी स्वतः तिच्या कॅमेऱ्यासमोर बसले, मुद्दाम भिंगावर नजर रोखून. मला काहीही वेगळं जाणवलं नाही. मग चित्रण पाहिलं. मी शेजारी बघत होते. मान किंचित वर करून. आणि हसत होते. तसं मी फक्त घरच्या माणसांकडे बघून हसते.

"सोडून दे हे काम," मी म्हटलं.

"सोडलं तर माझं म्हणून उरतं काय?"

तिच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या सेटवर नायिकेनं शॉट मध्येच थांबवला. "त्या मॅडमना जरा मागे सरकायला सांगा ना, उजेड अडतोय." तिनं बोट दाखवलं तिथे नुसती फरशी होती.

त्याच वर्षी बाबांना धाप लागायला लागली. का कोण जाणे, ते आपणहून म्हणाले, "माझंही काहीतरी घे की तुझ्या कॅमेऱ्यात." छबीला आनंद कुठे ठेवू असं झालं. दुपारची उन्हं पुढच्या खोलीत आली होती. तिनं खुर्ची मांडली, स्टँडवर कॅमेरा लावला, तो सुरू करून ठेवला आणि आम्ही दोघी चहा करायला आत आलो.

कप घेऊन परतलो तर बाबा उठत होते.

"झालं की," ते छबीला म्हणाले. "सगळं सांगितलं तुला."

आम्ही चित्रण लावलं.

बाबा शेजारी बघून बोलत होते. मध्येच थांबत होते, समोरून प्रश्न आल्यासारखे. मान डोलवत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "नाव काढलंस, छबी."

मग त्यांची नजर वर गेली. समोरचं कोणी उठून उभं राहिल्यावर जाते तशी. हळूहळू सरकत ती कॅमेऱ्याच्या मागे गेली.

बाबा थेट भिंगात बघू लागले.

कॅमेरा सावकाश त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला आणि अगदी नेमक्या जागी थांबला.

"मलाच म्हणाले ना ते?" छबीनं विचारलं.

"तुलाच," मी म्हटलं.

हिवाळा सरण्याआधी बाबा गेले. ते चित्रण छबीनं पुन्हा कधी पाहिलं नाही. कामं मात्र वाढत गेली. तिच्या मुलाखती येतात, फोटो येतात. फोटोत ती कोणाकडे बघते, हे मी तपासत नाही.

परवा तिचा नवा चष्मा द्यायला मी सेटवर गेले. एका बंद कारखान्यात शूटिंग चाललं होतं. छबी बाहेर भिंतीच्या सावलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत एकटीच चहा पीत बसली होती. तिच्यासमोरून माणसं सामान घेऊन ये-जा करत होती. एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही.

"तू आत नाहीस?" मी विचारलं.

ती उत्तर देणार तेवढ्यात पत्र्याच्या दारामागून आवाज आला. "कट!"

तो छबीचा आवाज होता.

छबीनं उरलेला चहा संपवला, नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "आज लवकर आटपलं."