राक्षसाचं माप

देवळाली कॅम्पात फौजेतल्या साहेबाची बदली झाली की घरातलं निम्मं सामान रद्दीवाल्याकडे येतं. पंच्याऐंशी साली असाच एक पत्र्याचा डबा आला. त्याला एका बाजूनं सरूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं रंगनाथनं.

सरू कॅम्पात वर्द्या शिवायची. उंची चार फूट सात इंच, जीभ त्याहून लांब. रंगनाथ टपालात कारकून, चांगला सहा फुटांचा.

"सोडा," ती म्हणाली. "बटणं ठेवायला हवाय मला."

"मला आतलं पुस्तक…"

तिनं हिसडा दिला. डबा तिच्याकडे, रंगनाथ रद्दीच्या ढिगावर! आणि पडल्या पडल्या हसत होता मेला.

आत खेळ निघाला. वीस बाजूंचा फासा आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक. मग दर रविवारी तो तिच्या दुकानात येऊन वाचून दाखवायचा. खेळात ती बुटक्यांची सरदारीण, तो राक्षस. ढकलाढकली लागली की दोघांनी फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकला. पण राक्षसाच्या आकड्यात नुसत्या थोराड अंगाचे चार जास्त धरायचे!

"आणि तो अंगानं दोन मापं मोठा असेल," त्यानं वाचलं, "तर लहानानं फासाच टाकायचा नाही."

"का म्हणून?"

"तो हरलेलाच."

"लिहिणाऱ्याला आणा माझ्यासमोर!"

"मी आहे की समोर… ढकल."

तिचे कान तापले. रागानं — असं ती स्वतःला सांगत राहिली.

मग या रविवारांची कुणकुण लागून, पोलकं शिवायचं निमित्त काढून रंगनाथची आई, विठाबाई, मुलगी बघायला आली. "माझा लेक ताडासारखा, आणि ही मशीनमागं दिसतसुद्धा नाही! लग्नाच्या फोटोत हिला पाटावर उभी करू का?"

रंगनाथ शेजारीच होता. स्वतःचे बूट बघत.

पुढच्या रविवारी आला आणि फासा काढला, जणू काही झालंच नाही!

"ठेवा तो," सरू म्हणाली. "तुमच्या आई किती उंच?"

"तुझ्याएवढीच…"

"म्हणजे तुमच्याहून दोन मापं लहान. परवा नुसत्या बोलण्यानं त्यांनी तुम्हाला ढकललं, तेव्हा फासा टाकला होता का?"

त्यानं फासा खिशात टाकला.

"कसले राक्षस तुम्ही! माझ्या उंचीला बोलल्या, ते मी गिळलं. तुमचं गप्प बसणं घशात अडकलंय. आज बोलणार नसाल तर पुन्हा ही पायरी चढू नका."

तिच्या हातात अजून कात्री होती. त्यानं ती हळूच काढून घेतली… त्याची बोटं मात्र तिच्या हातावरच राहिली.

"मला तूच हवी आहेस, सरू."

"मला काय सांगता? त्यांना सांगा!"

ती त्याला घेऊन तरातरा त्याच्या घरापर्यंत गेली आणि दोन्ही हातांनी त्याला दारातून आत लोटलं. आत भांडं आपटलं. मग आणखी एक. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, घामाघूम.

"नाही म्हणते."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो. तीनदा."

सरूला हसू फुटलं. तिनं ते पदराआड दाबलं.

"मग उभे काय राहिलात? चौथ्यांदा जा."

आणि तो चौकटीखाली वाकून पुन्हा आत गेला.