दोन दारांमधली वायर

"मॅडम, तुमचं ते कोकलणारं यंत्र गप्प करता का? रात्रपाळी करून आलोय..."

दारात शेजारचा नागसेन. डोळे लाल, केस विस्कटलेले. रहाटणीत राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते, आणि पहिली ओळख ही अशी! गुरुवार म्हणजे आमच्याकडे लाइट जायचा हक्काचा दिवस. यूपीएस ओरडत होता आणि मी रडायच्या बेतात होते.

"तो गप्प झाला की कॉम्प्युटरही बंद पडेल," मी म्हणाले. "घरूनच कॉल सेंटरचं काम करते. दोनदा ग्राहकाचा कॉल मध्येच तुटलाय. तिसऱ्यांदा तुटला तर नोकरीवरून काढू म्हणालेत. अजून पक्की कुठं झालेय मी?"

तो जांभई देत पाहत राहिला. मग आत गेला आणि लांबलचक वायर ओढत आला.

"माझ्या इन्व्हर्टरवर चालवा. आणि... रडू नका."

पुढचे दोन गुरुवार ती वायर आमच्या दोन दारांमधून पडलेली असायची.

"आज ग्राहकांच्या किती शिव्या खाल्ल्या?" तो दारातून विचारायचा.

"तुम्ही झोपायचं सोडून मोजत बसता की काय?"

दिवसभर बोलून जीव आंबून जायचा. तरी मी गुरुवारची वाट बघायचे. लाइट जाण्याची वाट बघणारी अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये मी एकटीच असेन.

चौथ्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, सकाळी त्यांच्याकडून आलेल्या चहाचा कप परत द्यायला गेले, तर तो फरशीवर पडलेला, डोळ्यांवर ओला टॉवेल. वरचा पंखा बंद. त्याच्या आई, गिरजाबाई, पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

"बॅटरी जुनी हाय, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "येकतर पंखा, न्हाईतर तुझं मशीन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी सरळ वायर काढली. यूपीएस कोकलायला लागला, आणि मिनिटभरात नागसेन दारात.

"वायर का काढलीस? नोकरी घालवायचीय?"

"आणि तू उकाड्यात झोपतोस ते?"

"झोपतो कुठं? पडल्या पडल्या तुझा आवाज ऐकतो..."

त्यानं वायर परत लावली आणि दमून चौकटीला टेकून बसला. डोळे मिटलेले.

"पक्की झाले की नवी बॅटरी घेऊ," मी म्हणाले. "दोघांना पुरेल अशी."

"बसवायची कुणाकडं? तुझ्याकडं की माझ्याकडं?"

"एकाच घरात राहिलो तर... हा प्रश्नच येत नाही."

त्याची मान एका बाजूला कलली. लागली वाटतं झोप! मी हेडफोन कानाला लावणार, तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "आई, ऐकलंस का गं?"

"व्हय, ऐकलं," पलीकडून गिरजाबाई म्हणाल्या. "आता तरी झोप, लेका."