चौथा संच

तिसऱ्या संचाच्या वेष्टणावर मागच्या बाजूला, किमतीच्या खाली, लाल अक्षरांत छापलं होतं : ‘चौथा संच लवकरच!’ त्या ‘लवकरच’ला आता वीस वर्षं होत आली होती.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या ज्या दुकानातून हेमावतीनं पहिले तीन संच घेतले, तिथल्या सीड्या केव्हाच गेल्या. मग मोबाइलची कव्हरं आली, आता तिथं चष्मे मिळतात. तरी ती समोरून जाताना दिसली की मालक आतूनच हात हलवायचा. “अक्का, अजून न्हाय आला!” आधी तो हे मनापासून सांगायचा, नंतर चेष्टेनं. अलीकडं त्यात कीव आली होती, आणि ती तिला चेष्टेपेक्षा जास्त लागायची.

मालिकेचं नाव ‘थांबा नसलेलं गाव’. एका गावात गाडी थांबत नाही, तरी तिथं रोज एक उतारू उतरतो. तो कोण आणि कुठून येतो, हे शेवटच्या भागांत कळायचं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी लागायची, एकदाच दाखवली गेली. मग व्हीसीडीचे संच निघू लागले, तीन निघाले आणि कंपनीनं गाशा गुंडाळला. मूळ टेपांवर पुढं कुठल्याशा पाककृतींचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला, असं म्हणतात.

अशा अर्ध्यावर लटकलेल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता, ‘थांबेकरी’ नावाचा. चांगली नोकरी-संसारवाली माणसं, पण बंद पडलेल्या कंपनीच्या नावानं अजून अर्ज करायची, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शेवटावरून त्यांच्यात अशी जुंपायची की कुणीतरी रागानं गट सोडून जायचं आणि संध्याकाळी गुपचूप परत यायचं. हेमावती या गटात होती. पण तो उतारू भूत निघो नाहीतर तिकीट तपासनीस, तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला फक्त चौथ्या संचात यायचा होता तो चौतिसावा भाग हवा होता. त्यात तिची मुलगी होती.

तिचा नवरा गुरप्पा तेव्हा होटगीला रेल्वेत होता. क्वार्टर स्टेशनाला लागूनच. चित्रीकरण करणारी मंडळी तिथं आली, उतारूला पाणी देणारी एक पोरगी त्यांना हवी होती, आणि बघ्यांच्या घोळक्यातून त्यांनी नेमकी सिद्धेश्वरीला निवडली. आठ वर्षांची होती. वाक्य एवढंच होतं : ‘पाणी घ्या.’ ती म्हणाली, “पाणी घ्या की!” सगळे हसले आणि तेच ठेवलं. त्यानंतर महिन्याभरात मेंदूज्वरानं ती गेली. तो भाग लागला त्या गुरुवारी होटगीत लाइट नव्हती. अंधारात बंद टीव्हीसमोर बसून गुरप्पा म्हणाला होता, “असू दे. सीडी निघंल की.”

मुलीचे फोटो होते. आवाज कुठंच नव्हता. गुरप्पा होता तोवर कधीतरी जेवताना मान वर करून हुबेहूब लेकीच्या सुरात म्हणायचा, “पाणी घ्या की!” दोघं हसायची आणि मग दोघांनाही घास जायचा नाही. कोरोनात तो गेला. त्यानंतर एका सकाळी अंघोळ करताना हेमावतीच्या लक्षात आलं, की लेकीचा आवाज आपल्याला आठवत नाही. शब्द आठवत होते, पण मनात ऐकू यायचा तो तिचा स्वतःचाच आवाज. ती तशीच ओलेती बसून राहिली. आई असून आवाज विसरली, याची तिला इतकी लाज वाटली की हे तिनं कुणाला सांगितलंही नाही.

हेमावती काही हळवी, देवभोळी बाई नव्हती. सगळा जन्म तिनं रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काढला होता. डोळ्यांना दिसलं आणि कागदावर आलं तेच ती मानायची. म्हणून तर तिला तो भाग हवा होता. एकदा खरा आवाज ऐकला की झालं.

एकदा तिनं गटावर विचारलंही, पाणी देणारी पोरगी कुणाला आठवते का? आपली कोण, हे लिहिलं नाही. एवढ्याशा प्रसंगाची आठवण कुणाला असेल असं तिला वाटलं नव्हतं, पण बऱ्याच जणांना ती आठवत होती. कुणी लिहिलं, पाणी देऊन ती आत जाते. कुणी म्हणालं, छे, दारातच उभी राहते. लातूरच्या एका बाईंनी लिहिलं, “ती जातच नाही. शेवटी नावं पडायला लागतात तरी ती उभीच असते. मी घाबरून टीव्ही बंद केला होता.”

हेमावतीनं फोन बाजूला ठेवला. चित्रीकरणाच्या वेळी ती स्वतः दाराआड उभी होती. सिद्धू पाणी देऊन धावत आत आली होती, तिच्या कमरेला मिठी मारून हसत होती.

उन्हाळा तापायला लागला आणि मंगळवेढ्याहून शिवपुत्रचा फोन आला. हा गटातलाच, पूर्वी केबलचा धंदा होता त्याचा. त्या काळी तो आवडतील त्या मालिका टेपवर उतरवून ठेवायचा.

“अक्का, घावला की! चौतीस घावला! माळ्यावर हुता.”

हेमावतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“पर एक हाय,” तो म्हणाला. “आवाज गेलाय. टेपला बुरशी धरलती. चित्र तेवढं हाय.”

“जरासुदीक न्हाय?”

“न्हाय अक्का. लई खटाटोप केला.”

फोन ठेवून ती ढसाढसा रडली. देवानं द्यायचं ते असं अर्धं का द्यावं, म्हणून चिडून रडली. पण पेनड्राइव्ह घ्यायला ती गेलीच. शिवपुत्र कामानं सोलापुरात आला तेव्हा सात रस्त्यावर दोघांनी उभ्यानं चहा घेतला. एरवी बोलायला लागला की न थांबणारा माणूस, पण त्या दिवशी तिच्याकडं बघत नव्हता.

“एकटीनं बघू नगा अक्का.”

“का ओ अण्णा?”

“काय न्हाय. उगंच.” आणि एसटी चुकेल म्हणून तो अर्धा चहा टाकून निघाला.

रविवारी दुपारी तिनं तो पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. खिडक्या बंद, इमारतीत सगळे जेवून आडवे झालेले, फक्त कुणाच्या तरी कूलरची घरघर. चित्रावर पांढऱ्या रेघा धावत होत्या. उतारू क्वार्टरच्या दाराशी आला. आणि दारातून तांब्या घेऊन सिद्धेश्वरी बाहेर आली.

दोन वेण्या, निळा झगा, कोपराला खरचटलेलं. हेमावतीला ते खरचटलेलं आठवत होतं, हळद तिनंच लावली होती. ओठ हलले. पाणी घ्या की. आवाज नाही. मुलगी वळून आत गेली.

तिनं डोळे पुसले आणि तो प्रसंग पुन्हा लावला.

या वेळी मुलगी आत गेली नाही. तांब्या देऊन दारातच उभी राहिली आणि समोर बघत राहिली. उतारू निघून गेला तरी बघत राहिली.

मघाशी डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसलं नसेल, हेमावतीनं स्वतःला बजावलं. एकच नमुना दोनदा तपासला आणि दोन उत्तरं आली, तर दोष नमुन्यात नसतो, तपासण्यात असतो. हे तिनं नव्या मुलींना कितीदा शिकवलं होतं. तिनं चष्मा पुसला. पंखा बंद केला. खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि तिसऱ्यांदा लावला.

मुलगी उभी होती, पण मागं क्वार्टरचं दार नव्हतं. मागं जिना होता. भिंतीवर विजेच्या मीटरांची रांग, त्यांवर रंगानं घातलेले फ्लॅटचे नंबर. होटगीच्या क्वार्टरला जिना नव्हता. हे मीटर हेमावती रोज येताजाता बघत होती.

तिनं टीव्ही बंद करायला हवा होता. तिला ते कळत होतं. पण मुलीचे ओठ हलले, आणि लेक काहीतरी बोलते आहे म्हटल्यावर कुठली आई टीव्ही बंद करेल? तिनं मागं घेऊन पाहिलं. पुन्हा मागं घेतलं. ओठ मिटले, उघडले. अव्वा. घरात मराठी-कानडी दोन्ही चालायच्या, पण आईला ती कानडीतच हाक मारायची. मग पुढचा शब्द. अव्वा, येते.

घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. शाळेला निघतानाही ती रोज हेच म्हणायची, आणि चुलीपुढून मान न वळवता हेमावती रोज एकच उत्तर द्यायची. जिभेला वळण होतं.

“ये,” ती म्हणाली.

म्हणाली आणि मग तिच्या ध्यानात आलं. निघणारं माणूस पाठ फिरवता फिरवता हे म्हणतं. ही तर समोर तोंड करून उभी होती.

चित्र विस्कटलं. तिनं घाईघाईनं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. उतारू दाराशी आला. दार बंद होतं. कट्ट्यावर तांब्या ठेवलेला होता, त्यानं तो स्वतःच उचलला, पाणी प्यायला आणि गेला. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मुलगी कुठंच नव्हती.

तिनं शिवपुत्रला फोन लावला.

“अण्णा, तुमी दिलेल्यात पोरगी हाय न्हवं? पाणी देनारी?”

“पोरगी?” तो म्हणाला. “पोरगी कुठली अक्का? त्यो सवताच पाणी घेतोय की. पयल्यापासनं तसंच हाय.”

“मग एकटीनं बघू नगा असं का म्हनला तुमी?”

“मी?” तो म्हणाला. “मी तसं काय बोललो न्हाय ओ.”

फोन तिच्या हातातून मांडीवर पडला. वीस वर्षं वाट पाहून हाताशी आलं होतं तेवढंही आपण पुसून टाकलं, एवढंच तिला कळत होतं. तिनं कपाळ बडवून घेतलं. आता काहीच उरलं नव्हतं, अगदी काहीच.

दारावर थाप पडली.

बेल वाजली नव्हती. थाप दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर पडली होती.

“अव्वा.”

हेमावती धावली. कडीला हात घातला आणि तिथंच थबकली. आवाज जाड होता, थोडा घोगरा. हाच होता का तो?

“सिद्धू?” तिनं विचारलं.

बाहेर काही हललं नाही. जरा वेळानं पुन्हा हाक आली. “अव्वा.” या वेळी आवाज बारीक होता.

मग थोडा थांबून, नाकातला.

मग रडवेला.

प्रत्येक हाकेनंतर बाहेरचं जे काही होतं ते गप्प राहत होतं. हेमावतीचा श्वास कुठं अडकतो, ते दाराला कान लावून ऐकत होतं.

तिला कळलं नाही असं नाही. सगळं कळलं. तिनं कपाळ दाराला टेकवलं. पलीकडून लाकडाला ऊब येत होती.

“अव्वा.”

हा गोड होता. किंचित बोबडा. तिचा होता की नाही, हे कुणाला विचारणार? सांगू शकणारा एकच होता, तो गेला. कदाचित असाच असेल. असाच असायला काय हरकत होती?

“हाच,” हेमावती म्हणाली. “हाच गं माझे बाई.”



“हाच ठेवू?” त्या आवाजानं विचारलं.

“ठेव,” ती म्हणाली, आणि तिनं कडी काढली.