ऐकली की संपणारी तबकडी

अर्डेला टिब्ज विसरलेली टोपी न्यायला ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आली, तेव्हा शिकागोत भर दुपार होती. रस्त्याचे डांबर बुटांना चिकटत होते. आत ध्वनिमुद्रणाच्या तबकड्यांचे मेण मऊ राहावे म्हणून कपाट तापवलेले होते आणि आवाज नको म्हणून पंखा बंद होता. खोलीला नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येत होता.

"टोपी न्यायला आलीस, की माझं डोकं खायला?" यंत्रावर बसणाऱ्या हॉजने विचारले.

"डोकं असतं तर खाल्लं असतं."

हॉज हसला. मग टेबलावरच्या मेणाच्या एका तबकडीकडे पाहून त्याचा आवाज खाली आला.

"ती झेल्माची. संध्याकाळी साचा करायला कारखान्यात जाईल. हात लावू नकोस, बाई."

झेल्मा क्रूज आणि अर्डेला एकाच चर्चच्या गायकवृंदात वाढल्या होत्या. पुढे दोघी जॅझच्या बँडबरोबर गाऊ लागल्या. कंपनीने हे गाणे आधी अर्डेलाला देऊ केले, मग काढून झेल्माला दिले. छाती कफाने भरलेली असताना झेल्मा ते गायली आणि आठवडा संपण्याआधीच वारली.

"एकच तबकडी कापलीस?" अर्डेलाने विचारले.

"दुसरीपुरता दम नव्हता तिच्यात. एरवी एक ऐकायला आणि एक कारखान्याला, अशा मेणात रेघा कोरून दोन कापतो. मऊ मेणावर एकदा सुई फिरली की रेघा गेल्याच." तो उठला. "तुझ्या मात्र पाच-पाच कापाव्या लागतात. तरी एखादी बरी निघते."

तो गमतीने बोलला होता. तबकडीभोवती ठेवायचा बर्फ आणायला तो खाली गेला. अर्डेलाने दार लावले, कडी घातली.

ही तबकडी बिघडली तर गाणे आपल्याकडेच परत येणार, हे तिला ठाऊक होते. पण एवढ्यासाठीच तिचा हात पुढे झाला, असे म्हणता येणार नाही. मत्सराला स्वतःचे ताट भरायचे नसते. दुसऱ्याचे सांडले की त्याचे पोट भरते. प्रभूचे नाव रोज घेणाऱ्या त्या बाईने सुई टेकवली.

झेल्मा गायली. प्रत्येक ओळ सुईखाली झिजत होती, आणि असा आवाज अर्डेलाने जन्मात ऐकला नव्हता. शेवटचा सूर विरला. सुई रिकाम्या कडेवर खरखरत राहिली. मग अगदी जवळून, दमलेल्या आवाजात...

"अर्डेला... दार लाव."

तिने वळून पाहिले. दार सताड उघडे होते.

कारखान्याने तबकडी परत पाठवली. उन्हाने मेण वितळले असावे, असे म्हणून हॉजने दोष स्वतःवर घेतला. अर्डेलाने त्याला तसे म्हणू दिले. रिवाजाप्रमाणे त्याने ते मेण तासून आरशासारखे गुळगुळीत केले आणि त्याच मेणावर अर्डेलाचे गाणे कापले. ती एका दमात गायली. तिसऱ्या ओळीआधी कुणीतरी श्वास घेतला. तो तिचा नव्हता.

"आज दुसरी नको," हॉज हळूच म्हणाला. "कुठं लपवला होतास हा आवाज?"

रेकॉर्ड गाजली. घरोघरी अर्डेलाचे नाव झाले. तिने मात्र ती एकदाही लावली नाही.

एका रविवारी उपासनेनंतर झेल्माच्या आईने, चर्चमधले सगळे जिला मदर म्हणत त्या ऑर्फाने, तिला घरी जेवायला नेले. घेवडा झाला, मक्याचा पाव झाला. म्हातारीने हात पुसून ग्रामोफोनला चावी दिली.

"राहू द्या ना, मदर," अर्डेला म्हणाली. "माझंच गाणं मी काय ऐकू?"

"बस गं. माझी तेवढीच करमणूक."

गाणे वाजले. खिडकीतून ऊन येत होते, शेजारी मुले दोरीवरच्या उड्या मारत होती. अर्डेला घट्ट बसून राहिली. शेवटचा सूर विरला, सुई खरखरू लागली. तिने कान टवकारले. खरखरीखेरीज काही नव्हते. कितीतरी महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मदर ऑर्फा उठली, शांतपणे दाराशी गेली आणि तिने दार लावून कडी घातली. बाहेरचा गलबला थांबला.

"दार... का लावलंत, मदर?"

"तिनं सांगितलं म्हणून. रोजच सांगते." म्हातारी परत खुर्चीवर बसली, मांडीवर हात ठेवले. "एवढं बोलून रोज गप्प होते पोर. म्हणते, अर्डेला आली की पुढचं सांगेन."

चावी केव्हाच उतरली होती. तबकडी फिरतच होती.