पाच सायकली कापड्याला

एसटी डेपोच्या वळणावर एका माणसाने आपली सायकल थेट माझ्या सायकलवर घातली, तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. महाडच्या कोर्टात तीस वर्षं टायपिंग केलंय. शब्दांची मला कधी वानवा पडली नाही.

तो मात्र शांतपणे माझं वाकडं झालेलं हँडल सरळ करत होता.

"अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, बाई. एकदापन धडक नाय."

"मग आजच काय झालं?"

"आज… रस्ता सोडून तुमच्याकडं बघत होतो."

साठी उलटलेला माणूस! आणि मी, सत्तावन्न वर्षांची विधवा, घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होते.

ही गेल्या दिवाळीतली गोष्ट. नंतर तो माणूस, म्हणजे श्रीपतराव, आमच्या रविवारच्या सायकल मंडळीत आले. आम्ही पाचजण, गुडघे सगळ्यांचेच कुरकुरणारे. चढ आला की उतरून चालायचं, चहा दिसला की थांबायचं, एवढेच नियम. श्रीपतराव नेमके मी उतरले की उतरायचे.

"तुम्हाला कुठे दम लागलाय?" मी विचारायचे.

"लागंल की… तुम्ही एवढं बोलत ऱ्हायलात तर."

मागच्या रविवारी मात्र थट्टा नव्हती. "माझ्या घरी याल, संजीवनीबाई? कायमच्या?" असं त्यांनी सरळ विचारलं, आणि तीस वर्षं कोर्टात घालवलेली मी पुढची तारीख मागून मोकळी झाले.

कारण यशराज. माझा मुलगा मुंबईला असतो, पण बातम्या माझ्याआधी त्याला पोचतात. फोनवर म्हणाला, "आई, या वयात शोभतं का? लोक काय म्हणतील?"

"बाबांच्या आजारपणात हेच लोक फिरकलेसुद्धा नव्हते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. बोलले खरी… पण ते 'शोभतं का' डोक्यातून जाईना.

आज शिमग्याची पालखी कापडे गावात श्रीपतरावांच्या अंगणात येणार होती, म्हणून आमच्या सायकली तिकडे निघाल्या. पोलादपूर मागे पडलं. पांगारा लालभडक फुलला होता, काजूच्या मोहराचा वास वाऱ्यावर येत होता. श्रीपतराव माझ्या शेजारून चालवत होते. उत्तर मात्र मागत नव्हते. तेच मला जास्त छळत होतं.

ढोल वाजत पालखी अंगणात आली, पाटावर टेकली. घरच्या सवाशिणीने देवीची ओटी भरायची. श्रीपतरावांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून शेजारीण भरते. यंदा ती मुंबईला. त्यांची आत्या ठकूबाई खण, नारळ, तांदळाचं ताट घेऊन उभी होती. तिने आमच्या सायकल मंडळीतली माझी मैत्रीण दर्शना हिला हाक मारली, "तू सवाशीन हायस ना गो? ये, तू भर."

मी तोवर मागे सायकलींपाशी सरकलेही होते. बारा वर्षं हेच करत आलेय. हळदीकुंकू असो, बारसं असो, कुणी सांगायच्या आधी आपणच मागे व्हायचं. दर्शना जागची हलली नाही, माझ्याकडे बघत राहिली. श्रीपतरावही. आणि मला माझाच असा संताप आला…

मी पुढे गेले. "आत्याबाई, ताट इकडे द्या. ओटी मी भरते."

ढोल थांबला.

"आगो, पन तू तर—"

"विधवा आहे. माहीत आहे मला. लेकीच्या हातचे तांदूळ नकोत, असं देवीने स्वतः कुणाला सांगितलंय? असेल तर त्याने पुढे यावं."

कुणीच पुढे आलं नाही. ठकूबाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोन गो तू आमच्या श्रीपतची?"

मी तिच्या हातातून ताट घेतलं. खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळ भरून तांदूळ घातले. मग म्हणाले, "आजपासून घरची."

श्रीपतरावांनी टोपी काढून तोंडासमोर धरली. रडत होते, वेडे!

ठकूबाई ढोलवाल्यांवर खेकसली, "बघता काय? वाजवा की!"

दर्शनाने फोटो काढला होता. तिचा फोन घेऊन मी तो यशराजला धाडला आणि खाली लिहिलं, 'आई बोलतेय. हे तुला लोकांकडून कळायला नको.' मग सगळ्या गावादेखत श्रीपतरावांचा हात धरला.