ढब ओळखणारं दार

पुण्याच्या कंपनशास्त्र प्रयोगशाळेत भूकंप मोजायची यंत्रं होती, पुलांचा थकवा मोजायची यंत्रं होती, आणि गेल्या आठवड्यापासून शाल्मली ओगलेच्या टेबलावर गॅरेजच्या एका शटरचा नकाशा पसरलेला होता. शटर सांगलीच्या घराचं. तिचे वडील, अप्पा, पंचाहत्तरीला आलेले. ते शटर रोज वाकून उचलायचे आणि मग दिवसभर कंबर धरून बसायचे. त्याला द्वारचालक, म्हणजे दार आपोआप उघडणारं यंत्र, बसवायचं एवढं ठरलं होतं. कुठलं, यावर मात्र घरात एकमत होत नव्हतं.

"साधा रिमोट दे की त्यांना," तिचे वरिष्ठ डॉ. मुजावर म्हणाले. ते मूळचे मिरजेचे. सांगलीचा विषय निघाला की हातातलं काम बाजूला ठेवून यायचे.

"अप्पा रिमोट हरवतात, सर. टीव्हीचा तिसरा चालू आहे."

"मग बोटाचा ठसा."

"जन्मभर साखर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली त्यांनी. बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत."

"कॅमेरा लाव. चेहरा ओळखेल."

"आई म्हणते, माझ्या दारात कॅमेरा नको. मी गाऊनवर बाहेर येते."

मुजावरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मग स्वतःच आत जाऊन उभी राहणारी गाडी घ्या म्हणावं. हल्ली सगळ्यांकडे तीच असते."

"सांगून पाहिलं. म्हणाले, गाडीनंच सगळं केलं तर मी काय करू? आत बसून टाळ्या वाजवू?"

अखेर शाल्मलीनं आपलीच विद्या घरी वापरायची ठरवली. प्रत्येक माणसाची गाडी चालवायची एक ढब असते. कोणी चढावर पाय दाबून धरतो, कोणी चुचकारत जातो. कोणी ब्रेक एकदम लावतो, कोणी दोनदा विचार करून. ही ढब चाकांतून जमिनीत उतरते. शटरसमोरच्या चढाच्या फरशीखाली कंपनवेधक बसवले, तर त्या थरथरीवरून कोण आलंय ते कळणार, आणि धनी असेल तरच दार उघडणार.

"पण माणूस बदलतो ना," मुजावर म्हणाले. "गुडघा दुखतो, चप्पल बदलते."

"म्हणून दार रोज शिकत राहील. कालच्यापेक्षा आज किंचित वेगळं असलं, तर ते चालवून घेईल आणि तेच नवं माप धरील. एकदम मोठा फरक दिसला, तर उघडणार नाही."

"म्हणजे चोराला ते अडवेल. भोवळ आलेल्या माणसाची गाडीही अडवेल. पण हळूहळू होत जाणारा बदल त्याला कधीच दिसणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

शाल्मलीनं मान हलवली. तिच्या मनात भोवळच होती. शेजारच्या एका काकांनी त्याच वर्षी ब्रेक समजून भलतंच पेडल दाबलं होतं आणि कंपाउंडची भिंत पाडली होती. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

जानेवारीत ती सांगलीला गेली, कंपनवेधक बसवले आणि दाराला शिकवायला घेतलं. अप्पा गाडी नेहमी उलटीच लावायचे. कोपऱ्यावर हॉर्न द्यायचे. तो ऐकून आई, म्हणजे कुमुद, हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि शटरच्या बाजूला उभी राहायची. "येऊ द्या, येऊ द्या," असं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत राहायची. शटर वीतभर उरलं की डिकीवर तळहाताची एक सणसणीत थाप. अप्पा थांबायचे. लग्नानंतर पहिली गाडी आली तेव्हापासूनचा हा रिवाज होता, आणि एवढ्या वर्षांत त्या डिकीखेरीज कुमुदनं कोणावर हात उगारला नव्हता. थाप बसायची, ब्रेक लागायचा आणि दार उघडायचं. चार दिवसांत दार शिकून तयार झालं.

निघताना शाल्मलीनं अट घातली. "अप्पा, ज्या दिवशी हे दार तुम्हाला ओळखणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची. वाद घालायचा नाही."

"माझं दार मला ओळखणार नाही, असं होईल होय?" अप्पा म्हणाले आणि त्यांनी बिनधास्त शब्द दिला. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते.

वर्ष सरत आलं. कुमुद धाकट्या बहिणीकडे कराडला राहायला गेली आणि दुसऱ्याच सकाळी शाल्मलीचा फोन वाजला.

"दार उघडेना गं," अप्पा म्हणाले. आवाज अगदी बारीक. "काल चारदा मागं घेतली. ओळखतच नाही मला. गाडी रस्त्यावरच आहे." मग म्हणाले, "गिऱ्हाईक मीच बघू, का तू बघतेस?"

शाल्मलीनं हातातलं काम तिथंच टाकलं. ती मिळेल त्या गाडीनं सांगलीला पोहोचली. आधी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि अप्पांचंच कौतुक करून परत पाठवलं. हात स्थिर, नजर ठीक, पाय चपळ. मग दार का अडलं होतं?

"माझ्यासमोर मागं घ्या," ती म्हणाली.

अप्पांनी गाडी अशी अलगद आणली आणि वीतभर अंतरावर अशी नेमकी थांबवली की तिला शिटी वाजवावीशी वाटली. दार ढिम्म हललं नाही.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. थाप! थाप गाडीतून, चाकांतून जमिनीत जात होती. दार अप्पांना एकट्याला शिकलंच नव्हतं. ते दोघांना मिळून एक माणूस समजत होतं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. एवढी शिकलेली बाई, आणि आईला हिशेबातच धरलं नव्हतं!

"पुन्हा आणा. मी आईसारखी थाप मारते."

अप्पा आले. वीतभर उरल्यावर तिनं थाप मारली, अप्पा थांबले. दार बंदच.

"तशी नाही गं," अप्पा खिडकीतून म्हणाले. "मी थांबलो की मग मार. जरा दमानं."

"थांबल्यावर? मग थाप कशाला?"

अप्पांनी गाडी पुन्हा पुढं घेतली. तिनं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केलं. गाडी थांबली, तिनं दोन श्वास जाऊ दिले आणि मग थाप मारली. दार निमूटपणे वर गेलं.

शाल्मली उघड्या दारात उभी राहिली. जानेवारीत आधी थाप, मग ब्रेक, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. आता आधी ब्रेक, मग थाप. रोज केसभर फरक पडत गेला असणार, आणि दारानं तो शिकवल्याप्रमाणे चालवून घेतला असणार. मुजावर म्हणाले होते तेच झालं होतं. फक्त हळूहळू बदलणारं माणूस वेगळं होतं.

"अप्पा, आईला दिसत नाही का?"

अप्पा गाडीतून उतरले आणि पायरीवर बसले. "गणपतीपासून धूसर दिसतंय तिला. बोलत नाही. गाडी थांबल्याचं जाणवलं की चाचपून थाप मारते. मी आरशात शटर बघतच नाही आता, तिलाच बघत असतो. तिला धक्का लागेल, या भीतीनं गोगलगायीसारखा येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ती त्या दिवसापासून बाहेर आली नसती. आणि मला..." ते अडखळले. "मला आवडतं गं, ती आली की. तू सांग तिला, डोळे दाखव म्हणून. मला कळलंय हे मात्र सांगू नकोस."

"नाही सांगणार," शाल्मली म्हणाली. गाडी विकायचा विषय तिनं तिथंच मिटवला आणि कराडला फोन लावला. कुमुदनं आधी उडवून लावलं, मग म्हणाली, "येते दाखवून. पण ह्यांना बोलू नकोस हं, मला दिसत नव्हतं म्हणून. धास्ती घेऊन गाडी काढणंच सोडतील, आणि गाडीशिवाय त्यांना करमायचं नाही."

निघाला मोतीबिंदू. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सगळी मोकळीक दिल्यावर शाल्मली दोघांना भेटायला आली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच गाडी काढून तिघं मिळून बाजारात जाऊन आली. परतल्यावर कुमुद टुणकन उतरली, शटरच्या बाजूला उभी राहिली आणि गल्लीला ऐकवत म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या!" तिला शटरवरच्या गंजाचे ठिपकेसुद्धा दिसत होते. बरोबर वीतभर उरल्यावर तिनं थाप मारली. अप्पांनी ब्रेक लावला.

दार उघडलं नाही.

"हे काय आता?" कुमुद म्हणाली. "पुन्हा या. पुढं घ्या, पुढं घ्या."

पुन्हा तेच झालं. तिची थाप अचूक, अप्पांचा पाय अचूक, आणि एवढा मोठा फरक एकदम पडल्यामुळे दार हटून बसलेलं. शाल्मलीला कारण कळलं, पण ते आईसमोर बोलायची सोय नव्हती. दाराला नव्यानं शिकवावं लागणार होतं, पुण्याहून साहित्य आणून. तोवर गाडी उन्हात आणि भाजी डिकीत. तिनं अप्पांकडे पाहिलं.

अप्पा बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कुमुद, जरा डोळे मिट."

"अहो, भर रस्त्यात काय!"

"मिट गं. आणि एरवी मारायचीस तशी थाप मार."

हसत हसत तिनं डोळे मिटले. गाडी गोगलगायीसारखी मागं आली, थांबली. जरा वेळानं तिनं हात पुढं करून डिकी चाचपली आणि थाप मारली. दार सरसर वर गेलं.

कुमुदनं डोळे उघडले. उघड्या दाराकडे पाहिलं, मग डिकीवरच्या आपल्या हाताकडे. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी थांबत होता?"