मागचं डावं चाक

मिस्त्रीला गाड्यांपेक्षा गाडीवाल्यांचा राग जास्त. त्यातही ही फिरत्या घरांची मंडळी म्हणजे त्याच्या मते वेडेपणाची हद्द. पलंग, शेगडी, संडास, सगळा संसार चार चाकांवर लादायचा आणि चाकांनी मात्र कुरकुर करायची नाही!

त्या दुपारी तसलंच एक पांढरं धूड गॅरेजच्या दारात येऊन थांबलं. मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता, ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास नाकात झोंबत होता. ड्रायव्हरच्या बाजूने एक निवृत्त गृहस्थ उतरले, हातात चार छापील कागद. त्यांची बायको पुढच्या सीटवरून उतरली, बाजूच्या दाराने घाईघाईत आत गेली आणि मागच्या पलंगावर जाऊन बसली.

"बेअरिंग गेलंय," गृहस्थ म्हणाले. "मी वाचलंय सगळं."

"मग बदलायचं होतं की साहेब. इथे कशाला आलात?"

गृहस्थांचा चेहरा उतरला. "मुलीचे दिवस भरलेत हो. उद्यापर्यंत पोचायलाच हवं."

मिस्त्रीने चाकाजवळ तळहात नेला आणि झटकन मागे घेतला. चाकाला लागूनच गॅसची टाकी होती. "हँडब्रेक ओढून चालवलीत, दुसरं काय! अजून थोडं गेला असतात तर नातवंडाला बघायला तुमची राख पोचली असती."

"हँडब्रेक सोडलेला होता. याआधीही दोन गॅरेजवाल्यांनी हेच ऐकवलं."

चाक निवल्यावर मिस्त्रीने जॅक लावला. बाई खाली उतरायला तयार नव्हती. कपाळावर आठी घालून त्याने तसंच काम सुरू केलं. एका बोटाने ढकललं तर चाक भिंगरीसारखं फिरलं. बेअरिंगची खडखड नाही, हँडब्रेकची केबल मोकळी, ब्रेकचा सिलेंडर कोरडा, तेलाची गळती नाही. उजवं चाक गार. डाव्याचा ब्रेक-ड्रम मात्र तापून निळा पडलेला. ठोकून ठोकून तो ओढून काढला. ड्रमच्या आतल्या गोलाईवर ब्रेकची काळी भुकटी बसली होती, आणि त्या भुकटीत चार बोटं उमटली होती.

आधीच्या कुणा गाढवाचा हात, तो मनात म्हणाला. पण लायनर त्याच जागेवर घासतो. एकदा ब्रेक दाबला असता तरी ठसा राहिला नसता. त्याने फडक्याने तो पुसून टाकला.

नवे लायनर घातले, नवा सिलेंडर, ब्रेक-तेलाची नवी नळी. मग तो स्वतः गाडी घेऊन निघाला. गृहस्थ शेजारी, बाई मागे पलंगावर. दहा किलोमीटरवर उतरून त्याने चाकाला हात लावला. गार.

"कागद वाचून गाड्या दुरुस्त होत नसतात साहेब," तो म्हणाला.

"अगं, ये आता पुढे!" गृहस्थ खुशीत ओरडले. बाई बराच वेळ आली नाही. मग आली, आणि अंग चोरून त्यांच्या शेजारी बसली.

दोन किलोमीटरही झाले नसतील, आरशात धूर दिसला.

"मी पुढे आले ना," बाई म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच!"

"काहीतरी नाही. आठ दिवस बघतेय. मागे कुणी असलं की बरं असतं. आज पाठ अवघडली म्हणून पुढे बसले, तर लगेच गॅरेज गाठावं लागलं. एकटं पडलं की धरतं."

"ब्रेक धरतो बाई," मिस्त्री खेकसला. "चाक नाही धरत."

"मी कुठे चाक म्हणाले?"

चाक निवेपर्यंत तिघंही रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग मिस्त्रीने हत्यारांतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. "साहेब, गॅरेजकडे परत फिरवा, तुम्ही चालवा. दोघं पुढे बसा. आज या खुळाचा निकालच लावतो."

तो मागे पलंगाशी गुडघ्यांवर बसला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पलंगाखाली, बरोबर डाव्या चाकावर येणाऱ्या फळीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. तीस वर्षं त्याने असेच दोष पकडले होते. बेअरिंगची घरघर एकसारखी, लोण्यासारखी मऊ होती.

तिच्याखाली आणखी काहीतरी होतं.

आधी त्याला वाटलं वारा. मग ओळखू आलं. खूप रडून झाल्यावर हुंदके हळूहळू ओसरतात आणि श्वास जागेवर येतो, तसं.

त्याने स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला. उठून एक पाऊल पुढे टाकलं.

जळका वास आला.

तो परत बसला.

वास विरला.

गॅरेजपाशी गाडी थांबली. शटर वर होतं, पान्यांचा डबा तसाच उघडा पडलेला.

"काय मिस्त्री, सापडला का दोष?"

त्याने फळीवर तळहात ठेवला. फळी कोमट होती. तापलेल्या लोखंडाची ऊब त्याला चांगली ठाऊक होती. ही तसली नव्हती.

"उतरताय ना?"

"चला," तो म्हणाला. "मुलीकडे पोचवून येतो तुम्हाला."

गृहस्थांनी वळून पाहिलं, खांदे उडवले आणि गिअर टाकला. उघडं शटर मागे पडलं.

मिस्त्रीने फळीवरचा हात न काढता पुढे पाहिलं. बाईने चपला काढून पाय सीटवर घेतले होते. खिडकीला डोकं टेकून ती गाढ झोपली होती.